रशीचा वाटा

आमच्या गावात परंपरा आता वर्षातून दोनच दिवस येते, शनिवार आणि रविवार. मांडव, खुर्च्या, रंगीत दिवे, माणसाएवढे स्पीकर आणि आम्हा बायकांनी नेसायची लुगडी, असं सगळं घेऊन ती बोईसरहून भाड्याच्या टेम्पोत येते आणि रविवारी कार्यक्रम आटपला की त्याच टेम्पोत बसून जाते. सोमवारी सकाळी किनाऱ्यावर कागदी प्लेटी उडत असतात आणि कुत्री त्या चाटत असतात. याला महोत्सव म्हणतात. मला वाटतं, कुत्र्यांचा तरी होत असावा.

मी कोळ्याची बाई. माहेर दातिवऱ्याचं, सासर जरा वर, पालघरच्या माहीमच्या अलीकडे. शाळेत मी गेले नाही. मुलगा अभ्यास करायचा तेव्हा चुलीपुढून त्याच्या पुस्तकात डोकावत डोकावत वाचायला शिकले, आणि लिहायला त्याच्या मागून. त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे, कुठे थांबायचं ते मला पटकन कळत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल उठावं.

तर रशीचं सांगते. आमच्या किनाऱ्याला धक्का नाही. होडी भरतीबरोबर वाळूला लागायची आणि मग तिला ओढून वर घ्यायची. खाली लाकडाचे ओंडके टाकायचे, पुढे मनगटाएवढी जाड रशी, आणि रशीला जो दिसेल तो. घरच्या बायका, म्हातारे, शाळा सुटून निघालेले मास्तर, टपाल टाकायला आलेला पोस्टमन. बोईसरचे हिंदी बोलणारे कामगार रविवारी समुद्र बघायला यायचे, तेसुद्धा पँट दुमडून रशीला लागायचे. नियम एकच होता. रशीला ज्याचा हात लागला तो रिकाम्या हातानं घरी जायचा नाही. मालक आधी त्याला मासळी देणार, मग उरलेली टोपल्यांत भरणार. किती जोर लावलास हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि मालकानं एखाद्याला तसंच घालवलं, तर त्याची होडी पुढल्या खेपेला तशीच येते, म्हणजे रिकामी, अशी आमची समजूत.

माझी सून मूळची जळगावकडची. वडील बोईसरच्या कंपनीत कामाला आले म्हणून तिथल्याच सरावलीच्या चाळीत वाढली, पण घरात मासळी चालत नव्हती. लग्न होऊन आली त्या आठवड्यात आमची होडी लागली आणि सगळ्या बायका धावल्या म्हणून ही पण धावली, आणि गंमत म्हणून रशी धरली. झालं. माझ्या सासऱ्यांनी तिच्यापुढे ओंजळभर मांदेली धरली. ही दोन पावलं मागे.

"नको, आजोबा. मला धरता येत नाही हो."

"रशी धरता आली ना? मंग हे पन धर."

"मी खात पण नाही."

"तुला खा कोन बोलला? हे तुजं हाय. कुत्र्याला टाक नायतर सासूच्या डोक्यावर टाक."

तिनं पदर पुढे केला, डोळे घट्ट मिटून. त्या साडीचा वास कधीच गेला नाही. आज तीच सून कालवणात आंबट किती घालायचं यावरून माझ्याशी भांडते. कोळीण होण्यासाठी तिला कुणी प्रशिक्षण दिलं नाही, तिच्या पदरात मासळी टाकली एवढंच.

या रशीवर एक आख्खा माणूस जगत होता. माझी शेजारीण. आमच्या भिंतीला तिची भिंत. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. रोज रशीला हात लावायची, वाट्याची मासळी घ्यायची. त्यातली खायची तेवढी खायची आणि बाकीचे बोंबील दारापुढच्या वलांडीवर टांगायची. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, तिच्यावर बोंबील जोडीनं तोंडात तोंड अडकवून वाळतात. वाळले की पालघरच्या बाजारात नेऊन विकायचे. मीठमिरची, चहा, औषध, देवाचं तेल, सगळं त्याच्यावर. शेवटी शेवटी तिच्या हातात जोर उरला नव्हता. ती तळवा रशीवर ठेवायची आणि ओरडायची मात्र सगळ्यांच्या वरताण. एकदा कुणीतरी टोमणा मारला, "मावशे, हात ठेवतस का होडीला आशीर्वाद देतस?" तर म्हणाली, "तुज्या बायकोला ठेव म्हनावं हात, होडी उलटी दर्यात जाईल." तिला कुणी कधी कमी दिलं नाही.

पुढे सासरे गेले, माझे यजमान गेले, दीर गेला, आणि माझा मुलगा शिकून कंपनीत लागलेला, म्हणून होडी दिराच्या मुलाकडे आली. तो माझा पुतण्या. माझ्याच मांडीवर वाढलेला, म्हणून मला त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आहे. त्यानं होडीची मोठी बोट केली, इंजिन नवं बसवलं आणि बोट ओढायला ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला मी नावं ठेवत नाही. गावातली पोरं तारापूरच्या कंपन्यांत शिफ्टला जायला लागली होती, किनाऱ्यावर आम्ही म्हाताऱ्याच उरलो होतो, आणि ती बोट आम्ही ओढली असती तर बोट वर आली नसती, आम्हीच खाली गेलो असतो. ट्रॅक्टर हवाच होता.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरनं बोट ओढली. आम्ही सवयीनं पाट्या घेऊन उभ्या. पुतण्या खाली उतरला, हसला, आणि असं बोलला जसं काही आम्हाला बक्षीस देतोय.

"काकी, आता तुमाला तरास नाय. जावा घरी, आराम करा."

शेजारीण म्हणाली, "आराम खाईन काय रं, पोरा?"

तो पुन्हा हसला. त्याला वाटलं म्हातारीनं विनोद केला. मासळी बर्फाच्या पेट्यांत गेली, पेट्या टेम्पोत गेल्या, आणि रशीचा वाटा त्या दिवशी बंद झाला. कुणी ठराव केला नाही, भांडण झालं नाही. विचारलं की उत्तर तयार: "काय करणार, काळ बदलला." अहो, काळ काय करतो? काळ टोपलीतली मासळी उचलतो होय? ट्रॅक्टरनं बोट ओढली. ट्रॅक्टर काही मासळी मागत नव्हता, तो डिझेल पितो. वाटा खाल्ला तो माणसानं, आणि नाव घातलं यंत्राचं. आमच्या वयाची माणसंही काही कमी नाहीत. ती ओट्यावर बसून "यंत्र आलं आणि माणुसकी गेली" म्हणून उसासे टाकायची. पण उठून पुतण्याच्या पुढ्यात जाऊन पाटी ठेवायची हिंमत एकाची नाही. उसासे टाकायला काही लागत नाही.

आणि हा पुतण्या म्हणजे जुनं सोडून दिलेला माणूस आहे असं समजू नका. त्याच्याएवढा देवभोळा पंचक्रोशीत नाही. मासा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र त्यानं बोटीवर बसवलंय, आणि त्या यंत्राला रोज हळदकुंकू. पडद्यावर इतकं कुंकू की मासा दिसतो कसा, त्यालाच ठाऊक. नाळीला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, लिंबू-मिरची, इंजिनला लिंबू-मिरची, ट्रॅक्टरच्या चारी चाकांना काळी दोरी. अमावास्येला बोट काढत नाही. बोटीचा रंग एका महाराजाला विचारून बदलला, आधी निळी होती, आता पिवळी. ज्या ज्या परंपरेला काही द्यावं लागत नाही ती ती त्यानं जिवापाड जपली. द्यायची होती तेवढी एकच सोडली.

शेजारणीनं वर्ष-दोन वर्षं ढकलली. दुसऱ्यांकडून थोडी मासळी घेऊन वाळवायची, कधी कोलंबी सोलायला जायची. मग बोटं सुजायला लागली. तिची एक भाची सरावलीला राहते, नवरा कंपनीत. एकच खोली, चार माणसं. ती म्हणाली, "मावशी, ये माज्याकडं, स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली निजायला जागा करते." पोरगी चांगली होती हो, तिच्याकडे होतं ते तिनं देऊ केलं. पण शेजारीण आयुष्यभर दाराबाहेर दर्या बघत उठलेली बाई. ती मला म्हणाली, "तिथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी सकाळी उठून कोनाला शिव्या देऊ?" ती रोज सकाळी दर्याला शिव्या द्यायची, तिची पूजा तशी होती. शेवटी कबूल झाली. महोत्सव झाला की सोमवारी भाची रिक्षा घेऊन येणार असं ठरलं. तिनं वलांडीच्या दोऱ्या सोडून गुंडाळल्या आणि माझ्याकडे दिल्या. "तुला होतील," म्हणाली. त्या दोऱ्या घेताना मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता.

आणि त्याच आठवड्यात पुतण्या नारळ घेऊन माझ्या दारात.

"काकी, औंदा महोत्सवात आपली बोट हाय. पारंपरिक पद्धतीनं रशीनं ओढायची. तुमी जुन्या बायका पायजेत. म्होरं तू."

"ट्रॅक्टर आजारी पडला काय?"

"काकी, तू पन ना. संस्कृती दाखवायची हाय लोकांना."

संस्कृती दाखवायची. जसं काही ती डबीत होती आणि हा झाकण उघडणार होता. मी नाही म्हणणार होते, पण शेजारीण मागून म्हणाली, "जाऊ गो आपन. जायच्या आदी एकदा रशीला हात लागंल." मग मी हो म्हटलं.

पुढचे तीन दिवस आमची तालीम. बोईसरहून एक नाच शिकवणारा सर आणला होता, केसांचा तुरा आणि गळ्यात शिट्टी. त्यानं आम्हाला होडी कशी ओढतात ते शिकवलं! म्हणाला, "आजी, ओढताना कंबर अशी हलवा. आणि हसत ओढा." मी म्हटलं, "बाबा, होडी ओढताना माणूस दात खातो, दाखवत नाही." तो म्हणाला, "पण ड्रोनमध्ये दात छान दिसतात." शेजारणीच्या तोंडात दातच नव्हते. तिला त्यानं मागच्या रांगेत टाकलं. मी तिला हाताला धरून माझ्या शेजारी आणून उभी केली. सर शिट्टी फुंकत राहिला.

लुगडी सगळ्यांना एकाच पोपटी रंगाची. माझ्या पेटीत माझं स्वतःचं लुगडं आहे, सासूनं दिलेलं. ते चालणार नाही म्हणाले, रंग जुळत नाही. म्हणजे खऱ्या कोळणीनं खरं लुगडं उतरून भाड्याचं नेसायचं, तेव्हा ती कोळीण दिसणार. मी नेसले. बघू तरी किती खाली जातात ते.

रविवारी सकाळी मांडवात परिसंवाद होता. मागे मोठा फलक: परंपरा आणि आधुनिकता एकत्र नांदू शकतात का? मुंबईहून एक विद्वान सर आले होते. ते तासभर बोलले. परंपरा म्हणजे मूळ, आधुनिकता म्हणजे फांदी, एक म्हणजे किनारा आणि दुसरी म्हणजे लाट, असं बरंच. ते चांगलं बोलले, मधे मधे पाणीही चांगलं प्याले. कशाला काय म्हणतात ते सांगितलं, कोण कुणाला काय देतं ते नाही सांगितलं. खाली पुतण्या मान डोलवत होता. मला ज्येष्ठ कोळी महिला म्हणून शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. निवेदन करणारी पोरगी माईक घेऊन माझ्याकडे आली.

"आजी, तुम्हाला काय वाटतं? दोघं एकत्र नांदू शकतात का?"

"आमच्या घरात नांदतात," मी म्हटलं. "सून मोबाईलवर बघून माझ्या सासूचं कालवण करते. तुमच्याकडे नांदत नसतील तर कोण कुणाला घराबाहेर काढतंय ते बघा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. पोरगी म्हणाली, "किती गोड!" या लोकांना म्हातारं माणूस काहीही बोललं तरी गोड लागतं. शिवी दिली असती तरी टाळ्याच पडल्या असत्या.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मुख्य कार्यक्रम. पिवळी बोट झेंडूच्या माळा घालून वाळूच्या मध्यावर उभी. खाली ओंडके नाहीत, चाकांची गाडी, आणि चाकं दिसू नयेत म्हणून भोवती नारळाच्या झावळ्या. वरच्या अंगाला महोत्सवाचा भलामोठा कापडी फलक, त्यामागे कोण असेल? ट्रॅक्टर. त्याची तार वाळूखालून बोटीला. आमच्या हातात नवी कोरी रशी, तिलाही झेंडू. म्हणजे ओढणार ट्रॅक्टर, आणि आम्ही हसत कंबर हलवायची. आधुनिकता फलकामागे लपलेली आणि परंपरा पुढे नाचतेय. एकत्र नांदणं म्हणतात ते हेच असेल तर त्या विद्वान सरांना मी विचारायला हवं होतं.

बोटीत मासळी दिसावी म्हणून थर्माकोलची पापलेटं कापून, चांदीचा रंग मारून ठेवली होती. ऊन पडलं की चमकायची. खरी पापलेटं तेवढी पुतण्याच्या जाळ्यात कधी आली नसतील.

मग निवेदनाची पोरगी माईकवर वाचायला लागली. तो मजकूर पुतण्यानं स्वतः लिहून दिलेला. गावाची थोरवी सांगायच्या नादात त्यानं सगळं लिहिलं, आणि मी म्हणते, त्याची चूक झाली ती इथे. ती वाचत होती: "या गावाची थोर परंपरा अशी, की रशीला हात लावणारा कुणीही, गरीब असो वा श्रीमंत, ओळखीचा असो वा परका, रिकाम्या हाताने घरी जात नाही. होडीचा मालक प्रथम त्याचा वाटा देतो. ही परंपरा आम्ही आजही प्राणपणाने जपली आहे."

प्राणपणानं! शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? चालू झाला परत."

"काय?"

"वाटा."

तिच्या तोंडावर असं हसू मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

शिट्टी वाजली, गाणं लागलं, डोक्यावर ड्रोन भुणभुणायला लागला. आम्ही रशी धरली. पाहुणे फोटोसाठी धावत आले, त्यांनीही रशी धरली, विद्वान सरांनी पण धरली. बोट पुढे सरकली. आमच्या रशीला तर झोळ पडला होता, तरी बोट येतेच आहे. शेजारीण मात्र खरं ओढत होती. डोळे मिटून, पाय वाळूत रोवून, आणि जुनं ओरडणं ओरडत होती. स्पीकरच्या वर तिचा आवाज ऐकू येत होता.

बोट थांबली, टाळ्या झाल्या. नाचाचा सर म्हणाला, "छान, आता सगळ्यांनी हात हलवा." तेवढ्यात शेजारीण झावळ्यांजवळ गेली, डोक्यावर सजावटीसाठी दिलेली रिकामी पाटी तिनं खाली काढली, बोटीपुढे ठेवली आणि तिच्यामागे मांडी घालून बसली. पूर्वी बसायची तशी.

पुतण्या बोटीत उभा होता, तो वरून वाकला. "मावशी, उठ. फोटो काढायचाय."

"काढ. आदी वाटा दे."

"कसला वाटा?"

"आता ती पोरगी काय बोलली? आजपन जपलाय बोलली. मी हात लावला. दे."

माझ्या अंगात काय संचारलं ठाऊक नाही. मी माझी पाटी तिच्या शेजारी ठेवली आणि म्हटलं, "बसा गं बायांनो." एक बसली, दुसरी बसली, पोपटी लुगड्यांची रांगच बसली. शेजारीण मुंबईच्या सरांना म्हणाली, "सायेब, तुमी पन हात लावला. बसा, लाजू नका. पिशवी हाय का?"

ते हसले, त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. कौतुकानं म्हणाले, "वा, ही प्रथा जिवंत आहे तर!" आणि खरंच वाळूत बसले. पाहुणे बसले म्हटल्यावर सगळे फोन बोटीकडे वळले. पुतण्याच्या कपाळावर घाम. समितीचे लोक धावले. एकानं शाल आणली, एकानं सन्मानचिन्ह आणलं, एकानं खाण्याच्या स्टॉलचं कुपन. शेजारणीनं सगळं बाजूला सारलं.

"बोटीतला दे रं. मालकाच्या हातानं."

तेव्हा समितीतल्या एका अतिशहाण्यानं बोटीतलं थर्माकोलचं पापलेट उचललं आणि हसत तिच्या पाटीत टाकलं. "घे मावशी, सगळ्यात मोठा तुला."

काही लोक हसलेसुद्धा. शेजारणीनं ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग बाजारात मासळी ताजी आहे का बघायला दाबतो तसं अंगठ्यानं दाबलं. ते मोडलं. पांढरा भुगा तिच्या मांडीवर आणि वाऱ्यानं बोटीवर उडाला. तिनं ते दोन तुकडे बोटीच्या नाळीपाशी, लिंबू-मिरचीच्या खाली, नीट ठेवले. म्हणाली, "जसा दिला तसा परत ठेवला, पोरा. तुजा तुला."

तिनं शाप दिला नव्हता. तिच्या मनातही नव्हतं. पण पुतण्याचं तोंड असं झालं की मी त्याला लहानपणी तापात बघितला होता तसा दिसायला लागला. वाटा मागणारीला भुगा दिला, तोही बोटीपुढे, भरतीच्या वेळेला. पुढल्या खेपेला बोट कशी येणार, हे यंत्राला हळदकुंकू लावणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं माईकवाल्या पोरीला हातानं थांबवलं आणि बोटीतून उतरून तो तसाच निघून गेला. गाणं पुन्हा लागलं. विद्वान सर उठून मागची वाळू झटकत म्हणाले, "फार प्रतीकात्मक होतं." मी मांडवामागे जाऊन माझी साडी नेसले, भाड्याचं लुगडं त्या सरांच्या नव्हे, भाडेवाल्याच्या अंगावर फेकलं आणि घरी आले.

सोमवारी सकाळी भाची रिक्षा घेऊन आली. शेजारणीचं गाठोडं दाराशी. ती ओट्यावर बसून दर्याला शेवटच्या शिव्या देत होती. तेवढ्यात पुतण्याची बोट आली आणि ट्रॅक्टर खाली गेला. आम्ही बघत होतो. तार लावली, आणि पुतण्या ओढायला सांगेना. उभाच. मग आमच्या ओट्याकडे बघून ओरडला,

"मावशी! हात लाव."

ती उठेना. "कशाला लावू? रशी कुठं हाय?"

"ट्रॅक्टरला लाव."

"ट्रॅक्टरला हात लावून कोन वाटा देतो?"

"मी देतो. ये लवकर, भरती चालली."

ती गेली. मी गेले. रिक्षावाला पण आला बघायला. तिनं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तळवा टेकला आणि असं ओरडली की ट्रॅक्टरवरचा पोरगा दचकला. बोट वर आली. पुतण्यानं अर्धी पाटी बोंबील स्वतःच्या हातानं तिच्यापुढे ठेवले आणि मला म्हणाला, "काकी, तू पन लावला ना हात?" मी लावला नव्हता. मी म्हटलं, "माझा नको. रिक्षावाल्याला दे, त्याची खेप फुकट गेली."

तेव्हापासून रोजचा वाटा सुरू आहे, फक्त तिचाच नाही, पाटी घेऊन येईल त्या प्रत्येकीचा. गावात काही जण पुतण्याचं कौतुक करतात, मोठ्या मनाचा म्हणतात. मोठं मन कसलं? त्या भुग्याची भीती. लाज वाटून दिलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच दिलं असतं. पण मी कशाला तक्रार करू? भीतीनं दिलेल्या बोंबलाचं कालवणही तसंच होतं, आणि शेजारीण भिंतीपलीकडे शिव्या देत उठते ते मला ऐकू येतं. वलांडीच्या दोऱ्या तिनं त्याच दिवशी परत नेल्या, वर मला म्हणाली, "गुंडाळता पन येत नाय तुला नीट."

महोत्सव समितीनं मात्र शहाणपणा दाखवला. पुढच्या वर्षी बोट ओढायचा कार्यक्रम काढून टाकला. आता त्या जागी नुसता नाच असतो. नाचात वाटा मागता येत नाही.

ट्रॅक्टरचा पत्रा उन्हात तापतो. परवा शेजारणीनं तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला. "भाजला रं मेल्या!" दुसऱ्या दिवशी बघते तर पुतण्यानं त्या पत्र्यावर ओलं गोणपाट घालून ठेवलेलं. मी म्हटलं, "एवढी काळजी?"

"नाय, काकी. ती हात न लावता परत गेली मंजे?"

तिनं गोणपाटावर तळवा ठेवला, आणि ओरडली.